उजेडाकडे पाठ

आधी ती दोनदा फडफडली, मग विसरलेलं काहीतरी आठवत असल्यासारखी जराशी थांबली, आणि मग गेली. माशांच्या टाकीवरची ट्यूब. बाकी कशाला काही झालं नाही. पंप बुडबुडे सोडत राहिला, खाली रस्त्यावर कुणीतरी सुरू न होणाऱ्या स्कूटरला लाथा घालत राहिलं, आणि हातातला चहा हातातच राहिला. पण खोलीत दुसरा दिवा त्याने लावलेलाच नव्हता. त्यामुळे टाकीची काच काळी झाली आणि त्या काळ्या काचेत, खिडकीतून येणाऱ्या उरल्यासुरल्या उजेडात, एक माणूस कप धरून बसलेला दिसला. गालफडं बसलेला, बनियनवरचा, कुणाचीतरी वाट बघत असावा असा. हा कोण आता, असं मनात येतंय तोवर तो आपणच आहोत हे त्याला कळलं. गंमतच म्हणायची. ज्या माणसाने उभा जन्म अंधारात बसून काढला, तो एका ट्यूबच्या अंधाराला दचकला.

अंधार तर त्याच्या धंद्यातला होता. नाटकाच्या थिएटरात प्रेक्षकांच्या मागे, वरच्या अंगाला, काचेची एक खोली असते. तिथे बसून तो दिवे चालवायचा. दिवा कमीजास्त करायच्या सरकत्या खिट्टीला फेडर म्हणतात आणि थिएटरातली झाडून सगळी माणसं त्यालाही फेडरच म्हणायची, इतकी की एकदा जाहिरातीतसुद्धा तेच छापून आलं आणि कुणालाही त्यात चूक दिसली नाही. त्याच्या हाताची तारीफ अशी, की उजेड बदलला हे बघणाऱ्याच्या लक्षातच यायचं नाही. एक जुनी नटी होती, तिला सगळे नुसतं बाई म्हणायचे. रंगीत तालमीच्या वेळी ती रंगमंचावरून मान वर करून, डोळ्यांवर हात धरून म्हणाली होती, "फेडर, माझ्या तोंडावर संध्याकाळ अशी आण, की मलासुद्धा पत्ता लागता कामा नये." त्याने आणली. हळूहळू, बोटाच्या टोकाने, केसाच्या अंतराने. आणि प्रयोगात बाई बोलता बोलता मध्येच खांद्यावरची शाल घट्ट ओढून घ्यायच्या. ते दिग्दर्शकाने सांगितलेलं नव्हतं. बाईंना खरंच गार वाटायचं. अशा किती संध्याकाळी त्याने पाडल्या असतील, देव जाणे. उन्हाळ्यातल्या, आजारपणातल्या, कुणीतरी कायमचं निघून गेल्यानंतरच्या. संध्याकाळ कोणत्या रंगाची असते हे त्याला दिव्यापुढे लावायच्या रंगीत कागदांच्या नंबरांनी पाठ होतं. खऱ्या संध्याकाळी मात्र तो घरी कधी नसायचाच. दुपार कलली की डबा घेऊन बाहेर, आणि परत येईतो अख्खी इमारत झोपलेली.

मग थिएटरच्या छताचा एक तुकडा खुर्च्यांवर पडला. सुदैवाने तेव्हा तिथे कुणी नव्हतं. नाटक चालत नव्हतं म्हणून नव्हतं, असं मेकअपवाला म्हणाला आणि मॅनेजर सोडून सगळे हसले. थिएटर दुरुस्तीसाठी बंद झालं. दिव्यांचं नवीन मशीनही येणार होतं, एकदा सगळं भरून ठेवलं की बटण दाबायचं आणि गप्प बसायचं असं. "फेडर, सुट्टी समज. मजा कर," मॅनेजर म्हणाला. मजा कशी करतात ते काही त्याने सांगितलं नाही.

आणि नेमकी बायको घरी नव्हती. सासूबाई मोरीत पाय घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, म्हणून ती आईकडे गेली होती, दुसऱ्या गावाला. एकच बॅग घेऊन गेली. दारात चपला घालताना म्हणाली, "मासे तेवढे सांभाळा. बाकी घराला काही होत नाही." तेव्हा त्याला ते नेहमीचंच बोलणं वाटलं होतं. मग सासूबाई वॉकर घेऊन चालायला लागल्या, मग काठी घेऊन, आणि आता तर म्हणे काठी विसरून भाजी आणायलासुद्धा जायच्या. बायको आली नव्हती. कधी येतेस, हे त्याने विचारलं नव्हतं. का विचारलं नव्हतं, हेही त्याने स्वतःला विचारलं नव्हतं. तोंडातला किडका दात कसा जिभेला बरोब्बर ठाऊक असतो आणि जीभ त्याला वळसा घालून जाते, तसा तो त्या प्रश्नाला वळसा घालून जायचा. रोज दिवेलागणीला तिचा फोन यायचा.

"मासे?"

"बरेत."

"खाल्लं?"

"त्यांनी की मी?"

"दोघांनी."

"दोघांनीही."

"बरं. ठेवते मग."

झालं, एवढंच. पण या एवढ्याशासाठी तो दुपारपासून जीव मुठीत धरून असायचा. फोन चार्ज आहे ना, रेंज आहे ना, आपण नेमके अंघोळीला तर गेलो नाही ना. तिने एकदाही तुम्ही कसे आहात असं विचारलं नव्हतं, पण मासे कसे आहेत हे विचारायला ती एकदाही चुकली नव्हती. त्यावरून त्याने आपला एक साधा हिशोब मांडला होता. मासे आहेत तोवर फोन आहे. माशांचं काही बरंवाईट झालं तर ती एकदा हळहळेल, बिचारे म्हणेल, आणि मग दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला विचारायला तिच्याकडे काही उरणार नाही. सांगायला त्याच्याकडे तर आधीपासूनच काही नव्हतं.

म्हणून ट्यूब गेल्याचं त्याने तिला सांगितलंच नाही. त्या मापाची ट्यूब आता कुणी बनवत नाही, असं कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकवाल्याने सांगितलं आणि वर त्याच्याकडे असं बघितलं, जसं काही त्याने कंदिलाची वात मागितली होती. पण त्याला उलट बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी बरं वाटलं. दिवाच हवा ना? मग तो आपणच करू. बाकी या घरात त्याला काही म्हणजे काही करता येत नव्हतं, साधी उशीची खोळ सरळ घालता येत नव्हती, पण उजेड हे त्याचं काम होतं.

सुट्या भागांच्या दुकानात काउंटरवर एक बाई बसलेल्या होत्या. चष्मा डोक्यावर, आणि तोच चष्मा त्या ड्रॉवरमध्ये शोधत होत्या.

"एलईडीची पट्टी हवी. पांढरी. आणि कमीजास्त करायला डिमर," तो म्हणाला.

"कमीजास्त कशाला? लोकांना भकाभक लागतो हल्ली. ऑपरेशन करायचं असल्यासारखा."

"माशांसाठी हवंय."

"मासे काय वाचत बसतात का?"

"अचानक दिवा लागला की घाबरतात. काचेवर आपटतात. त्यांना हळूहळू उजाडायला लागतं."

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. "नशीबवान आहेत," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे तर नवरा येतो आणि खाडकन ट्यूब लावतो. आपटायला काच पण नाही." मग चष्मा सापडला तशा त्या कामाला लागल्या. पट्टी, अडॅप्टर, दोन नॉबचा डिमर. "नुसती पट्टी लाकडाला चिकटवू नका. मागून तापते, जीव जातो तिचा. हे ॲल्युमिनियमचं चॅनल घ्या, उष्णता ओढून घेईल. आणि घरी कुणाला तरी धरायला सांगा, एकट्याने सरळ चिकटत नाही ती."

"हो, सांगतो," तो म्हणाला. पिशवी घेऊन बाहेर पडला आणि पार सिग्नलपर्यंत त्या 'हो, सांगतो'ची त्याला लाज वाटत राहिली.

एकट्याने ती खरंच सरळ चिकटत नाही. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून, चॅनलचं एक टोक डाळीच्या डब्याखाली दाबून आणि दुसरं छातीने रेटून त्याने पट्टी चिकटवायला घेतली, तेव्हा तो एखाद्या लांबलचक जनावराला इंजेक्शन देतोय असंच कुणालाही वाटलं असतं. बघायला कुणी नव्हतं म्हणा. सोल्डरचा वास सुटला. तो वास त्याला आवडायचा. पहिल्यांदा थिएटरात आला तेव्हा विंगेमागच्या खोलीत हाच वास होता आणि त्याला वाटलं होतं, नाटकाचा वास असा असतो. तारा जोडल्या, अडॅप्टर लावला, नॉब फिरवला. पांढरा स्वच्छ उजेड वर्तमानपत्रावर पडला. पुन्हा खाली आणला. आणि तो हिरमुसला. हा उजेड कमी होत होता, पण म्हातारा होत नव्हता. थिएटरातला जुना दिवा मंद करायला घेतला की आधी पांढऱ्याचा पिवळा व्हायचा, पिवळ्याचा नारिंगी, मग आतली तार नुसती निखाऱ्यासारखी धुगधुगायची आणि मग कधी गेली ते कळायचंही नाही. जायच्या आधी दिवा जाणार असल्याचं सांगायचा. ही एलईडी शेवटपर्यंत तशीच्या तशी पांढरीफटक, चेहऱ्यावर काही दाखवायची नाही, फक्त थोडी थोडी कमी होत जायची. त्याला उगाचच बायकोची आठवण झाली. मग त्या आठवणीचा त्याला राग आला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा दुकानात गेला, पिवळसर उजेडाची आणखी एक पट्टी घेऊन आला आणि ती दुसऱ्या नॉबला जोडली. पांढरी खाली आणताना पिवळी वर न्यायची, मग दोन्ही एकदम उतरवायच्या. दोन हात दोन नॉबांवर. तासभर नुसता तोच खेळ चालला होता, आणि चेहऱ्यावर हसू होतं हे त्याचं त्यालाही माहीत नव्हतं.

आता दिवा लावायचा कुठे? हा प्रश्न त्याला पडलाच नाही. वरून मारलेला दिवा म्हणजे नटाचा सत्यानाश. डोळ्यांच्या जागी खड्डे, नाकाखाली मिशी. दिवा समोरून हवा, प्रेक्षक बसतो तिकडून, जरा उंचावरून आणि जरा कडेने, म्हणजे तोंडाला उठाव येतो. हा पहिल्या दिवशी शिकलेला धडा हातात इतका मुरलेला होता की त्याने डोक्याला विचारलंही नाही. टाकीच्या समोर, डाव्या अंगाला, पुस्तकांच्या फळीला लाकडी पट्टी ठोकून त्याने चॅनल तिरकं बसवलं. मग तो बायकोच्या खुर्चीत बसला. बाकीच्या खुर्च्यांवर धुतलेले कपडे होते म्हणून, असं त्याने स्वतःला सांगितलं. खुर्चीतल्या उशीला त्याच्याहून लहान माणसाचा खळगा पडलेला होता. तो त्यात नीट मावेना. खुर्चीतून टाकी अगदी समोर दिसत होती, नाटकातल्या चांगल्या रांगेतून दिसतं तशी, आणि इतकी वर्षं या घरात राहून टाकी इथून अशी दिसते हे त्याने आजच बघितलं.

टाकीत दोन मोठे एंजल मासे होते. उंच, चपटे, काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचे, आणि चालही अशी की कोर्टाला उशीर झाला तरी आम्ही धावणार नाही. म्हणून बायकोने त्यांना वकील आणि वकिलीणबाई अशी नावं ठेवली होती. तळाशी काच चाटत फिरणाऱ्या काळ्या माशाला इन्स्पेक्टर. बाकी लाल शेपटीचं चिल्लर पब्लिक, शाळा सुटल्यासारखं इकडून तिकडे. ही नावं त्याला तिच्याकडूनच कळली होती, पण कधी, ते काही केल्या आठवेना. एखाद्या रविवारी दुपारी असेल. ती सांगत असेल आणि तो पेपरातल्या नाटकांच्या जाहिराती बघत हं हं म्हणत असेल. त्याने दिवा चढवला. आधी पिवळा, मग पांढरा. वकिलाच्या अंगावरची चांदी एकेक खवल्याने उजळत गेली, पर पडद्याच्या झालरीसारखे हलले, हिरव्या पानांमागे खरीखुरी खोली तयार झाली. नाटकाच्या पहिल्या अंकासारखं दिसत होतं. हे बघ, असं त्याला म्हणायचं होतं. शेजारी कपड्यांची खुर्ची होती.

दोनेक दिवसांनी वकील वाकडा पोहायला लागला. आधी त्याला भास वाटला. पण नाही, भिंतीवर कललेल्या फोटोसारखा मासा चक्क तिरका झाला होता, आणि तशाच तिरक्या अंगाने, चेहरा मात्र पूर्वीइतकाच गंभीर ठेवून, टाकीभर फिरत होता. मग वकिलीणबाई. सकाळी उठून बघतो तर दोघंही ताठ. हुश्श झालं. संध्याकाळी दिवा लावून बसतो तर पुन्हा कललेले. त्याच्या लहानपणी आईला असाच ताप यायचा, दिवसा काही नाही आणि दिवे लागले की चढायचा, आणि घरातली माणसं दारात उभी राहून हळू आवाजात बोलायची. संध्याकाळी चढणारं दुखणं वाईट, हे तेव्हापासून त्याच्या मनात बसलेलं. त्याने थोडं पाणी बदललं. खाणं कमी केलं. मग उपाशी राहतील म्हणून वाढवलं. पंप धुतला. काचेला नाक लावून बसला, तर इन्स्पेक्टर त्याच्या नाकाची पलीकडून तपासणी करून गेला. दिवा तेवढा त्याने जरा जास्तच चढवून ठेवला, आजाऱ्याला अंधारात ठेवू नये म्हणून. ते आणखी कलले.

"मासे?"

"बरेत."

"आवाज का असा?"

"कसा?"

"काही नाही. ठेवते."

फोन ठेवल्यावर तो तसाच बसला. आयुष्यात तिच्याशी तो खोटं फारसं बोलला नव्हता. तेवढं बोलणंच झालं नव्हतं. आता तिला कळणार, आज ना उद्या कळणारच. एवढी एक गोष्ट सांगून गेली होती, तीही याच्याने झाली नाही, असं ती सासूबाईंना म्हणेल. किंवा म्हणणारही नाही, आणि ते त्याहून वाईट. संध्याकाळ खोलीत भरत चालली होती आणि त्याला तिचं काय करायचं ते कळत नव्हतं. नाटकात संध्याकाळ झाली की कुणीतरी आत यायचं, किंवा कुणीतरी उठून जायचं. निदान फोन तरी वाजायचा. रिकाम्या रंगमंचावर नुसती संध्याकाळ कुणी पाडत नाही, प्रेक्षक खोकायला लागतात. इथे मात्र ती पडत होती. कपड्यांच्या खुर्च्यांवर, डाळीच्या डब्यावर, भिंतीवरल्या बंद घड्याळावर. समोरच्या इमारतीत एकेक खिडकी पिवळी होत होती. कुकरची शिट्टी, कुणाच्यातरी पाढ्यांचा आवाज, जिन्यातली पावलं. प्रत्येक पाऊल या दारापाशी येईल असं वाटायचं आणि वरच्या मजल्यावर निघून जायचं. हे असंच असणार रोज. तो नसताना, रोज, हेच. ती या खुर्चीत बसून ही पावलं मोजत असेल का? की काही दिवसांनी तिने मोजणं सोडून दिलं असेल? त्याला आजवर वाटायचं, घर म्हणजे प्रयोगानंतरची जागा. दिवे विझलेले, नेपथ्य झाकलेलं, सगळं जिथल्या तिथे. इथेही रोज एक अख्खा प्रयोग होत होता आणि तो बघायला कुणी तिकीट काढलेलं नव्हतं, हे त्याच्या डोक्यात कधी आलंच नाही.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन यायच्या आधी त्यानेच लावला. हे इतकं नवीन होतं, की तिने पहिलं वाक्य "काय झालं?" असंच म्हटलं.

"वकील वाकडा झालाय," तो म्हणाला.

"वाकडा म्हणजे?"

"कललाय. वकिलीणबाईसुद्धा. बरेच दिवस झाले. मी तुला बरेत म्हणालो ते खोटं. ट्यूब गेली, तेही सांगितलं नाही. मी नवीन दिवा केला, चांगला केलाय, कमीजास्त होतो, पण त्यांना काय झालं कळत नाही. दिवसा बरे असतात आणि संध्याकाळी... तू ये आणि बघ, असं म्हणत नाही मी. फक्त सांगतोय."

पलीकडे तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दिवा कुठे लावलाय?"

"टाकीला."

"अहो, टाकीलाच लावणार. कुठून? वरून का?"

"समोरून. डावीकडून जरा."

आणि ती हसली. रागावेल, हळहळेल, गप्प होईल अशी सगळी तयारी त्याने केली होती. हसण्याची केली नव्हती.

"त्यांना काही झालेलं नाही. उजेड जिकडून येतो तिकडे ते पाठ करतात. पाण्यात त्यांना कळतं कसं वर कुठे आणि खाली कुठे? वरून उजेड येतो, ते वर. तुम्ही समोरून दिवा मारलात, ते बिचारे गोंधळले. निम्मं वर इकडे, निम्मं वर तिकडे."

"तुला कसं माहीत?"

"बघून. तुम्ही प्रयोगाला गेलात ना, की मोठे दिवे लावले तर घर फार मोठं वाटायचं. म्हणून मी टाकीची ट्यूबसुद्धा बंद करायचे आणि खुर्चीजवळ टेबललॅम्प लावून वाचत बसायचे. तर थोड्या वेळाने हे दोघं माझ्याकडे कललेले. मला इतकं छान वाटायचं. म्हटलं चला, या घरात कुणीतरी आपल्याकडे कललं. पुष्कळ दिवस मी त्याच आनंदात होते. मग एकदा उठून जवळ जाऊन नीट बघितलं. तर पाठ करत होते."

"हे मला कधी बोलली नाहीस."

"कधी बोलणार होते? तुम्ही यायचात तेव्हा मी झोपलेली. मी उठायचे तेव्हा तुम्ही झोपलेले."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. ती असती तर त्याला काही बोलता आलं असतं. मान्य करता आलं असतं, भांडता आलं असतं. कधीतरी फार पूर्वी त्या जागी तक्रार असणार, आणि ती ऐकायला तेव्हा कुणी नव्हतं म्हणून ती उठून गेली असणार.

"थांब, फोन ठेवू नकोस," तो म्हणाला. फोन स्पीकरवर टाकून त्याने तो फळीवर ठेवला, स्टुलावर चढला, खिळे उपटले, लाकडी पट्टीचं कुसळ बोटात घुसवून घेतलं, आणि चॅनल टाकीच्या डोक्यावर आडवं ठेवलं. "सावकाश," ती तिकडून म्हणाली. "स्टूल हलतं ते." तो स्टुलावर आहे हे तिला आवाजावरून कळलं होतं. त्याने नॉब हळूहळू फिरवले. वकील जागच्या जागी थबकला. पर फडफडवले. आणि मग, कुणीतरी कोर्टात हाक मारल्यासारखा, सावकाश सरळ झाला. पाठोपाठ वकिलीणबाई.

"झाला," तो म्हणाला. "अगं, सरळ झाला."

"सांगितलं ना मी. दिवा कसा दिसतोय?"

हे तिने विचारलं. माशांचं नाही, दिव्याचं. त्याने सांगायला सुरुवात केली. पांढरी पट्टी, पिवळी पट्टी, दुकानातल्या बाईंचा डोक्यावरचा चष्मा, डाळीचा डबा, चॅनल छातीने कसं रेटलं ते. ती मध्ये मध्ये "काय सांगता" म्हणत होती, एकदा "डाळ सांडली नाहीत ना" म्हणाली. वरून पडलेल्या उजेडात पाणी खोल आणि शांत दिसत होतं, आणि बोलता बोलता त्याला जाणवलं, की हा आजवरचा सगळ्यात लांब फोन आहे. मासे बरे झाले तरी फोन चालू आहे. मग आता विचारावं. आत्ताच विचारावं, सहज विचारल्यासारखं, कधी येतेस. शब्द ओठांवर आले होते, तेवढ्यात तिकडे बेल वाजली.

"थांबा हं," ती म्हणाली. फोन कशावर तरी ठेवल्याचा आवाज आला, आणि मग ती तो विसरली.

दार उघडलं. एकामागून एक बायका आत आल्या, चपला काढल्याचे आवाज, खुर्च्या सरकवल्याचे, सासूबाईंचं "आज मला भिडू कोण, आधी सांगा, मागच्या वेळी मला फसवलंत." हसणं. तो स्टुलावरून खाली उतरला आणि फळीपाशी उभा राहिला.

"कुणाचा फोन होता गं एवढा वेळ?" एका बाईचा आवाज आला.

"घरून. मासे वाकडे झाले होते. झाले आता बरे."

"मासे वाकडे? आमच्याकडे माणसं वाकडी असतात." पुन्हा हसणं. मग तोच आवाज, जरा खाली येऊन, "मग, जायचं कधी ठरवलंस?"

पानं पिसल्याची फर्रर त्याला स्पष्ट ऐकू आली. एकदा. पुन्हा एकदा.

"तू आधी पानं वाट," बायको म्हणाली.

आणि डाव सुरू झाला. ती पत्ते खेळते हे त्याला माहीत नव्हतं. फोन बंद करायला हवा, हे असं ऐकणं बरं नव्हे, असं त्याला वाटलं आणि त्याने हात पुढेही केला. पण काचेच्या खोलीतली सवय हाताला आडवी आली; तिथे प्रयोग चालू असताना खोकायचं नाही, हलायचं नाही, आपण आहोत हे कुणाला कळू द्यायचं नाही. तो खुर्चीच्या कडेला बसला. तिकडे कुणीतरी हुकूम कोणता ते विसरलं म्हणून ओरडा झाला. सासूबाई पानं लपवतात यावर एकमत झालं. मग बायको काहीतरी बोलली, ते त्याला कळलं नाही, पण सगळ्या खदखदून हसल्या आणि त्यांच्यात ती सगळ्यांत मोठ्याने, घशातून, श्वास अडेपर्यंत हसली. हे हसणं त्याने याआधी कधी ऐकलेलं नव्हतं. या घरात ते कधी हसलं गेलं होतं की नाही, हेही त्याला सांगता आलं नसतं.

"अगं तुझी उतारी," कुणीतरी म्हणालं. "किती विचार करतेस. टाक पान."

ती टाकत नव्हती. त्याने डोळे मिटले. ती पानं पंख्यासारखी धरत असेल की गठ्ठ्याने? रंगाप्रमाणे लावून घेत असेल, की हातात येतील तशीच ठेवत असेल? चांगलं पान आलं तर तिच्या चेहऱ्यावर दिसत असेल का? पलीकडे बायका घाई करत होत्या, ती अजून थांबली होती, आणि तिच्या हातात काय आलं असेल याचा अंदाज बांधत तो, श्वाससुद्धा हळू घेत, बसून राहिला.